पहिल्या वर्षाचा जीपीए २.७, आता मेडिकलचं काय?

चिंचगुळ:
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, आज वेगळ्या कारणाने आलेय. ज्यांची मुलं यातून गेलीत किंवा जे स्वतः गेलेत त्यांनी कृपया लिहा.

आम्ही न्यू जर्सीत. मुलगी राज्य विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, प्री-मेड, म्हणजे पदवीनंतर मेडिकलला जायच्या तयारीत. जन्म इथलाच, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. शाळेत कायम वरच्या पाचात, एपीचे (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे) ढीगभर विषय, म्हणून कॉलेजची आम्ही काळजीच केली नव्हती. पहिल्या वर्षाचा निकाल असा: जनरल केमिस्ट्री एकला सी प्लस, दोनला सी. बायॉलॉजी एकला बी मायनस, दोनला सी प्लस. कॅल्क्युलस बी मायनस. रायटिंग आणि सायकॉलॉजीने सावरलं म्हणून एकूण जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) २.७ तरी दिसतोय. आता तिसरं सेमिस्टर चालू आहे. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या मिडटर्मला १०० पैकी ४८, फिजिक्सला त्याहून वाईट.

कॉलेजच्या सल्लागार बाईंनी तिला दहा मिनिटांत 'दुसऱ्या क्षेत्राचा विचार कर' म्हणून वाटेला लावलं. नवरा म्हणतो कॉम्प्युटर घे आणि मोकळी हो. सासूबाई दर रविवारी फोनवर 'आमची डॉक्टर कशी आहे' विचारतात, की ही पोरगी खोलीत जाऊन बसते. आमच्या वेळी बारावीला जे व्हायचं ते एकदाच व्हायचं. इथलं गणित मला अजून कळलेलं नाही. विषय रिपीट केले तर जुनी ग्रेड पुसली जाते का? डीओ नक्की काय असतं? कॅरिबियन, भारत, काहीही सुचवा.

खटपट्या:
चिंचगुळ ताई, आधी आकडेमोड, रडारड नंतर. (हलके घ्या.)

एमडीचे (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) बहुतेक अर्ज ॲमकास नावाच्या एकाच खिडकीतून जातात. ते कॉलेजचा जीपीए तसाच उचलत नाहीत, प्रत्येक ग्रेड घेऊन स्वतः मोजतात. एक एकूण जीपीए आणि दुसरा फक्त बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा, त्याला बीसीपीएम म्हणतात. सायकॉलॉजी त्यात धरत नाहीत. तुम्ही दिलेले पाच विषय प्रत्येकी चार क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन) धरले तर बीसीपीएम २.४ येतो. तुम्हाला २.७ टोचतोय, खरं दुखणं २.४ आहे.

३० क्रेडिट झाली, ९० उरली असं धरू. उरलेल्यांत सरासरी ३.८ पडली तर पदवीला एकूण ३.५२. सरासरी ३.६ असेल तर ३.३७. इथून पुढे सगळीकडे ए मिळाला तरी ३.६७ च्या वर जाता येत नाही. विज्ञानाची आणखी ४० क्रेडिट ३.८ ने केली तर बीसीपीएम ३.३३. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.८ च्या जवळ असते आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५१२ च्या आसपास. ती सरासरी आहे, किमान अट नव्हे.

रिपीटबद्दल. तुमचं कॉलेज जुनी ग्रेड झाकेल, ॲमकास झाकत नाही. दोन्ही वेळच्या ग्रेड धरतात. डीओच्या (एमडीसारखीच डॉक्टरकीची दुसरी पदवी) अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीच्या जागी बसायची, तेही २०१७ पासून बंद. जुन्या ब्लॉगांवर तो सल्ला अजून फिरतोय, त्यावर विसंबू नका.

शिकागोचे_नाना:
एवढा काथ्याकूट कशाला? मुलगी हुशार आहे. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाला पाठवून द्या, चार वर्षांत डॉक्टर होऊन येईल. आमच्या मित्राचा मुलगा तिकडूनच शिकून आज फ्लोरिडात हार्टचा डॉक्टर आहे, घर बघाल तर डोळे फिरतील. नाहीतर एनआरआय कोट्यातून भारतात. बेळगाव, कराड, पुणे, काय कमी कॉलेजं आहेत का?

कुंपणावर:
वाचतेय. आमचं कार्टं अकरावीत आहे आणि आत्तापासून 'मी प्री-मेड' म्हणत फिरतंय. वाचनखूण साठवली.

उंबरठा:
मी इंटर्नल मेडिसिनमध्ये आहे आणि काही वर्षं एका मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीत मुलाखती घेतल्यात. आमच्या समितीत जे पाहिलं ते सांगतो, दुसरीकडे तपशील वेगळे असतील.

फाइल उघडली की जीपीएचा एक तक्ता असतो. ओळी वर्षांच्या: फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सीनिअर, पदवीनंतरचं. स्तंभ तीन: बीसीपीएम, इतर, एकूण. त्या तक्त्याकडे माझी नजर वरून खाली जायची. २.४, ३.५, ३.८, ३.९ असा चढ दिसला की समितीत कुणीतरी म्हणायचंच, हिने मध्ये काहीतरी बदललं, बोलावून विचारू या. आणि २.४, ३.७, ३.१, ३.६ असा हिंदकळणारा आलेख असला तर त्या फाइलला कुणी वाली नसायचा, एकूण आकडा थोडाच खाली असला तरी. खटपट्यांचं गणित बरोबर आहे, पण अंतिम बेरजेपेक्षा शेवटच्या ५०-६० क्रेडिटमध्ये काय झालं याला आम्ही जास्त किंमत द्यायचो.

कडू बाजूही सांगतो. काही कॉलेजांत एका आकड्याखालचे अर्ज माणसाच्या हाती येण्याआधीच गळतात. चढ कितीही सुंदर असो, तो बघायला कुणी नसतं. म्हणून कॉलेजांची यादी नावं बघून करायची नसते. एएएमसीचा (मेडिकल कॉलेजांची संघटना) एमएसएआर नावाचा डेटाबेस आहे, थोडे पैसे भरावे लागतात. त्यात प्रत्येक कॉलेजने घेतलेल्या मुलांचा जीपीए कुठून कुठवर पसरलाय ते दिसतं. खालचं टोक कुठे आहे ते बघून यादी करायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे घाईत लोक विसरतात. अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी जूनच्या सुमारास जातो. तिसरं वर्ष संपताच अर्ज केला तर चौथ्या वर्षाच्या ग्रेड त्यात नसतातच. तुमच्या मुलीने आजपासून ३.८ राखली तरी तेव्हा तिच्या फाइलवर ३.४३ दिसेल, आणि एक वर्ष थांबली तर ३.५२. शिवाय चढाच्या तक्त्यात चांगली ओळ एक जास्त. आज मेडिकलला जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं मध्ये एखादं वर्ष थांबून आलेली असतात. त्या वर्षाला आपल्याकडे लोक 'वर्ष वाया गेलं' म्हणतात, तो शब्द मुलीसमोर वापरू नका.

मिरजेचा_डॉक्टर:
नाना, तुमच्या भारतवाल्या सूचनेबद्दल. एनआरआय कोटा असला तरी नीट चुकत नाही. १८० प्रश्न, ७२० गुण, अभ्यासक्रम आपल्या अकरावी-बारावीचा. इथली मुलं त्यासाठी लातूरला खोली घेऊन दोन-दोन वर्षं घासतात. अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी ते सोडून हे करणार का, आणि का करावं? डीम्ड कॉलेजांत एनआरआय जागेची फी डॉलरात असते ती वेगळी. आणि एमबीबीएस करून परत अमेरिकेत यायचं तर पुन्हा यूएसएमएलई (तिथली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा) द्या, परदेशी पदवीधर म्हणून रेसिडेन्सीच्या (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) रांगेत उभे राहा. वळसा घालून त्याच दारात.

अवांतर: या धाग्यावरून आमचं पहिलं वर्ष आठवलं. आमच्याकडे फर्स्ट एमबीबीएसला ॲनाटॉमीत आपटलेल्यांची वेगळी बॅच निघायची, ऑड बॅच म्हणायचे. आता नियम असा की पहिलं वर्ष जास्तीत जास्त चार प्रयत्नांत काढायचं. पण एकदा काढलं की काढलं. पुढे पीजीला नीट-पीजी पाहतात, ॲनाटॉमी कितव्या प्रयत्नात सुटली हे आजवर मला एकाही पेशंटने विचारलेलं नाही. तुमच्याकडे अठराव्या वर्षीची सी प्लस जन्मभर पाठीशी, हे मला तरी क्रूर वाटतं.

उंबरठा:
मिरजकर, क्रूर आहे. पण दुसरी बाजूही बघा, तुमच्याकडे नीटच्या दिवशी ताप आला की वर्ष गेलं. इथे एका सेमिस्टरने घात केला तर पुढची पाच-सहा सेमिस्टर हातात असतात.

बेंझिनची_बाई:
मी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, ऑर्गॅनिकच जास्त. ताई, दोन गोष्टी विचारा तिला. वर्गाची सरासरी किती होती? आणि ती अभ्यास नक्की कसा करते? 'खूप करते' हे उत्तर चालणार नाही. टेबलावर काय असतं, हातात काय असतं, ते सांगा. ४८ हा नुसता आकडा मला काहीच सांगत नाही.

चिंचगुळ:
सगळ्यांचे आभार. आकडे वाचून आधी पोटात गोळा आला, मग उंबरठा यांचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

बेंझिनताई, विचारलं. वर्गाची सरासरी ५३. अभ्यास: स्लाइड्स परत परत वाचते, पाच रंगांचे हायलायटर, नोट्स इतक्या देखण्या की फ्रेम करून लावाव्यात. प्रॉब्लेमही करते म्हणाली, उत्तरांचं पुस्तक शेजारी ठेवून.

आणि एक गोष्ट आत्ता बाहेर आली. पहिल्या वर्षी १७-१८ क्रेडिट घेतली होती, आणि ती कॉलेजच्या बॉलीवूड-फ्यूजन डान्स टीममध्ये आहे. प्रॅक्टिस रात्री नऊला सुरू होते ती बारा-साडेबारापर्यंत. स्पर्धांसाठी शुक्रवारी गाडी काढून दुसऱ्या राज्यात, रविवारी रात्री परत. सोमवारी सकाळी आठला केमिस्ट्री. आम्ही तिचे व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर कौतुकाने टाकत होतो!

कुंपणावर:
डान्स टीमला नावं ठेवू नका हं. माझी भाची अशाच टीमची कॅप्टन होती आणि आज डेंटिस्ट आहे.

बेंझिनची_बाई:
डान्सला कोण नावं ठेवतंय? मला सोमवारच्या आठच्या तासाला नावं ठेवायची आहेत.

ताई, सरासरी ५३ आणि हिचे ४८. म्हणजे ती वर्गाच्या मध्यापासून जरा खाली आहे, तळाशी नाही. ग्रेड कर्व्हवर, म्हणजे वर्गाच्या सरासरीवरून ठरत असेल तर आत्ता ती सी प्लसच्या आसपास असावी. दोन मिडटर्म आणि फायनल बाकी आहे, त्यामुळे बी ची आशा आहे. अभ्यासाची पद्धत तीच राहिली तर मात्र नाही.

उत्तरांचं पुस्तक उघडं ठेवलं की प्रत्येक पायरी 'हो हो, हे मला येतंच' असं वाटतं. कृती पाठ असली म्हणून पुरणपोळी लाटता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या वर्गात अशी मुलं आली की मी त्यांना कोरा कागद देते आणि त्यांच्याच मिडटर्ममधला चुकलेला प्रश्न पुन्हा करायला लावते, माझ्यासमोर, बोलत बोलत. इलेक्ट्रॉन कुठून निघाला, बाण कुठे टेकला, तिथेच का टेकला. बहुतेक वेळा तिसऱ्या बाणाला अडतात. आणि अडतात ते ऑर्गॅनिकच्या नव्या भागात नाही, आम्ल कोणतं जास्त तीव्र, चार्ज कुठे स्थिर राहतो, या जनरल केमिस्ट्रीतल्या गोष्टीत. तुमच्या मुलीला तिथे सी होती. मला तरी धागा तिथे जुळतो.

तेव्हा तिला सांगा, चुकलेली मिडटर्म घेऊन प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जा. 'मला मार्क वाढवून द्या' म्हणायला नाही, 'मी इथे असा विचार केला, कुठे फसले' म्हणायला. पन्नास मुलांत असं विचारणारी दोन असतात आणि आम्हाला ती लक्षात राहतात. पुढे याच लोकांची शिफारसपत्रं लागतात.

शिवाय एपीचं विचारायचं राहिलं. एपी केमिस्ट्रीच्या जोरावर तिने एखादा विषय गाळला होता का?

चिंचगुळ:
केमिस्ट्री नाही, बायॉलॉजीची लॅब गाळली होती. आणि कॅल्क्युलस एक गाळून थेट दोन घेतलं. वर मी नुसतं कॅल्क्युलस लिहिलं ते दोन.

बेंझिनची_बाई:
वाटलंच. शाळेत एपीत पाच पडले की मुलांना आणि पालकांनाही वाटतं, कॉलेजचं एक सेमिस्टर वाचलं. वाचत काही नाही, उडी लांब होते. काही मेडिकल स्कूल आवश्यक विषयांसाठी एपीची क्रेडिट धरतच नाहीत, त्या लॅबचं आत्ताच तपासून घ्या.

ओहायोची_ओवी:
मी पंचवीसच्या पुढची आहे, इथे बहुतेक काकू-मावश्या आहेत असं दिसतंय, तरी लिहिते. माझा पहिल्या दोन वर्षांचा जीपीए तुमच्या मुलीपेक्षा खाली होता. आज मी डीओच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रोटेशन्स (हॉस्पिटलात विभागवार शिकणं) चालू आहेत.

मी काय केलं ते थोडक्यात. तिसऱ्या वर्षी एका सेमिस्टरला फक्त १२ क्रेडिट घेतली आणि सगळीकडे ए आणला. आई-बाबांना वाटलं मी मागे पडतेय. पण त्या सेमिस्टरनंतर मला पहिल्यांदा कळलं की ए आणताना आठवड्याचं वेळापत्रक कसं दिसतं. मग १४, मग १५. सी मिळालेले विषय रिपीट केले नाहीत, कारण दोन्ही ग्रेड धरणारच होते. त्याऐवजी वरचे विषय घेतले: बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, जेनेटिक्स. तिथे ए दिसला की जनरल केमिस्ट्रीच्या सी बद्दल कुणी फार उकरत नाही. सी मायनस किंवा खाली असेल तर मात्र रिपीट करावंच लागतं, बरीच कॉलेजं ती ग्रेड स्वीकारत नाहीत.

पदवीनंतर एक वर्ष पोस्ट-बॅक केलं, म्हणजे पदवीच्याच पातळीचे आणखी विषय घेतले. यात एक मेख आहे. पोस्ट-बॅक दोन जातींचे असतात. ब्रिन मॉर, गाउचर हे प्रसिद्ध आहेत, पण ते ज्यांनी विज्ञानाचे विषय घेतलेच नव्हते त्यांच्यासाठी. आपल्यासारख्यांना ग्रेड सुधारणाऱ्या जातीचे बघावे लागतात, नाहीतर साध्या राज्य विद्यापीठात एकेक विषय घ्यायचा, तेही चालतं आणि स्वस्त पडतं. पोस्ट-बॅकच्या ग्रेड पदवीच्याच जीपीएत मिसळतात. एसएमपी नावाचे एक वर्षाचे मास्टर्स असतात, जॉर्जटाऊनचा जुना आहे, त्यात मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय असतात. तिथला जीपीए वेगळ्या ओळीत जातो, पदवीचा आकडा हलत नाही. तिथे चांगलं केलं तर दार उघडतं, पण घसरलात तर पुढे सांगायला काही उरत नाही. म्हणून तो अगदी शेवटचा पर्याय.

डीओबद्दल: ही मंडळी १८९२ पासून आहेत, मिसुरीतल्या किर्क्सविलला पहिलं कॉलेज निघालं. आम्ही तेच सगळं शिकतो, वर हाडं-स्नायूंवर हातांनी करायचे उपचार. २०२० पासून एमडी आणि डीओच्या रेसिडेन्सी एकाच मान्यतेखाली आहेत. प्रवेशाचे आकडे थोडे नरम, जीपीए ३.६ च्या आसपास, एमकॅट ५०४-५ च्या. न्यू जर्सीत राज्य विद्यापीठाचंच डीओ कॉलेज आहे, रोवन-व्हर्च्युआ, ताईंनी ते यादीत वर ठेवावं. गणपतीला मंडळात एक काका दर वर्षी विचारतात, 'डीओ म्हणजे खऱ्या डॉक्टरसारखंच ना?' मी 'हो काका' म्हणते आणि मोदक घेते.

खटपट्या:
ओवी, एक नंबर प्रतिसाद.

एसएमपीच्या पैशाबद्दल एक भर. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज बंद झालंय. मास्टर्सला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच. खुद्द मेडिकलला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाखांची मर्यादा, आणि पुष्कळ खाजगी मेडिकल स्कूलची नुसती फी वर्षाला त्याहून जास्त आहे. पूर्वी लोक 'एसएमपी करून बघू' म्हणायचे, आता आधी पैशाचं बघा.

शिकागोचे_नाना:
सगळे ग्रेनाडाचा विषय टाळताय.

उंबरठा:
नाना, टाळत नाही. ग्रेनाडाचं सेंट जॉर्जेस १९७६ पासून चालू आहे, आणि कॅरिबियनमधून शिकून आलेले उत्तम सहकारी माझ्याच वॉर्डात आहेत. पण जे पोहोचले ते आपल्याला दिसतात, तुमच्या मित्राचा मुलगा दिसतो. जे मधेच गळले ते मंडळाच्या कार्यक्रमाला येत नाहीत. रेसिडेन्सीच्या मॅचमध्ये (जागावाटपात) इथल्या एमडी आणि डीओच्या शेवटच्या वर्षातली नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं लागतात. परदेशात शिकलेल्या अमेरिकी नागरिकांमध्ये हे प्रमाण साधारण दोन तृतीयांश. त्यात जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या स्टेप वनला गुण देणं बंद झालं, नुसतं पास-नापास. पूर्वी कॅरिबियनची हुशार मुलं त्या गुणांवर इथल्या मुलांना मागे टाकायची, ते हत्यार गेलं.

आणि मुख्य म्हणजे या मुलीला आज जनरल केमिस्ट्री आणि झोप यांचा मेळ घालता येत नाहीये. बेटावर गेल्याने तो बसणार आहे का? तो प्रश्न इथे सुटला तर बेटाची गरज उरत नाही. नाही सुटला तर तिथे दोन-तीन लाख डॉलर घालून तोच प्रश्न परत येईल.

शिकागोचे_नाना:
बरं. मित्राला दोन मुलं होती हे मी सांगितलं नव्हतं. धाकटा दुसऱ्या वर्षी परत आला.

एच४ची_आई:
धाग्यात थोडी घुसखोरी. आमचा मुलगाही अशाच परिस्थितीत आहे, फरक एवढाच की आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत आणि तो एच-४ वर (आई-वडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा). येत्या वर्षी २१ चा होईल. 'थांबा, एक वर्ष जाऊ द्या' हा सल्ला आम्हाला कसा लागू होतो?

खटपट्या:
ताई, तुमचं गणित वेगळं आहे. २१ झाल्यावर एच-४ राहत नाही, बहुतेक मुलं एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर जातात. एफ-१ च्या मुलांचा विचार करणारी मेडिकल स्कूल थोडी आहेत, त्यातली काही एक किंवा अनेक वर्षांची फी आधीच वेगळ्या खात्यात भरायला लावतात, आणि सरकारी कर्ज मिळत नाही. थांबायचं वर्ष ओपीटीवर (पदवीनंतर नोकरी करायची परवानगी) काढता येतं. बायॉलॉजीची पदवी स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाचे विषय) बसते, तेव्हा अटी पूर्ण करणारी नोकरी असेल तर आणखी २४ महिने. संशोधन प्रयोगशाळेतली नोकरी त्यासाठी बरी पडते. पण हा एका प्रतिसादाचा विषय नाही. वकिलाशी बोला, आणि वेगळा धागा काढलात तर मी तिथे सविस्तर लिहीन.

डॅलसकर:
टेक्सासची थोडी माहिती, कुणाला उपयोग झाला तर. इथल्या बहुतेक कॉलेजांचा अर्ज टीएमडीएसएएस या वेगळ्या खिडकीतून जातो आणि सरकारी मेडिकल स्कूल ९० टक्के जागा टेक्सासच्याच रहिवाशांना देतात. ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट म्हणून एक नियम आहे, दहा वर्षांहून जुन्या ग्रेड बाजूला ठेवायची मुभा मिळते. विशीतल्या मुलीला काही उपयोग नाही, पण माझ्या बायकोने पस्तिशीत विचार केला होता तेव्हा कळलं. जुनं सगळंच जातं मात्र, चांगल्या ग्रेडसुद्धा.

चिंचगुळ:
मंडळी, काल रात्री मुलीशी दोन तास बोलले. हा धागा तिला वाचून दाखवला. (देवनागरी तिला अक्षर लावून लावून येतं, ओवीचा प्रतिसाद मात्र तिने स्वतः वाचला.) तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही, पण मी विचारलं, तुला खरंच डॉक्टर व्हायचंय का, का आमच्यासाठी? ती म्हणाली, आई, मी उन्हाळ्यात नर्सिंग होममध्ये जे काम केलं ते कुणासाठी केलं? तिथल्या एका आजींना रोज जेवण भरवायची, त्यांच्याबद्दल अर्धा तास बोलत होती. केमिस्ट्रीबद्दल कधी इतकं बोलली नव्हती.

तर ठरलं ते असं. डान्स टीमला या वर्षी रामराम, पुढच्या वर्षीचं पुढे. तिसऱ्या वर्षानंतर लगेच अर्ज करायचा नाही. गुरुवारी ऑर्गोच्या सरांकडे मिडटर्म घेऊन जाणार आहे. एमकॅट तर आत्ता विषयच नाही.

उंबरठा:
उत्तम. एमकॅटचं एवढंच लक्षात ठेवा, 'देऊन तर बघू' म्हणून द्यायची ती परीक्षा नाही. साडेसात तास, आयुष्यात जास्तीत जास्त सात वेळा, आणि दिलेले सगळे गुण कॉलेजांना दिसतात. बायोकेमिस्ट्री झाल्यावर, सराव परीक्षांत हवा तो आकडा येऊ लागल्यावर.

नर्सिंग होमचं काम सोडू देऊ नका. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला एक पाळी पुरे.

बेंझिनची_बाई:
फिजिक्सचं काय ठरलं?

चिंचगुळ:
तेच विचारायचं होतं. ऑर्गो ठेवायचं आणि फिजिक्स सोडायचं असं तिच्या मनात आहे. मार्कशीटवर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे विषय मधेच सोडला) पडेल. विथड्रॉची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी. डब्ल्यूचा डाग वाईट दिसतो का?

ओहायोची_ओवी:
एखाद्या डब्ल्यूला कुणी विचारत नाही, तो जीपीएत धरतही नाहीत. माझ्याकडे दोन आहेत. दर सेमिस्टरला एक दिसू लागला तर प्रश्न येतो. आत्ता डी पेक्षा डब्ल्यू शंभर पटीने बरा.

खटपट्या:
थांबा, शुक्रवारच्या आधी क्रेडिट मोजा. आत्ता किती आहेत? १२ च्या खाली गेली तर ती पूर्णवेळ विद्यार्थिनी राहत नाही. स्कॉलरशिप, फायनान्शियल एड, काही ठिकाणी वसतिगृहाची खोलीसुद्धा त्यावर असते.

चिंचगुळ:
१६ आहेत. फिजिक्स चारचं, म्हणजे बरोबर १२ राहतात. वाचलो.

बेंझिनची_बाई:
फिजिक्सची लॅब त्या चारात धरलीय की वेगळी? बऱ्याच ठिकाणी लेक्चर सोडलं की लॅब आपोआप सुटते, आणि ती एक क्रेडिट वेगळी असते.

चिंचगुळ:
अगं बाई. वेगळी आहे. म्हणजे ११.

बेंझिनची_बाई:
तर मग रजिस्ट्रारला आजच ईमेल. दोन गोष्टी विचारायच्या: लेक्चर सोडून लॅब ठेवता येते का, आणि नसेल तर सेमिस्टरच्या उत्तरार्धात सुरू होणारा एखादा एक क्रेडिटचा कोर्स अजून उघडा आहे का. असे कोर्स बहुतेक विद्यापीठांत असतात, पण नोंदणी लवकर बंद होते. आधी तो घ्यायचा, मग फिजिक्स सोडायचं. क्रम उलटा करू नका.